पायाखालचं झाड

लहानपणी मयूराला हाक मारली तर ती ऐकायची, पण उशिरानं. आई शिलाई मशीनवरून दोन-तीनदा ओरडायची आणि मयूरा खिडकीशी बसून मांडीवरच्या चिंधीकडे टक लावून बघत असायची. नाशिकच्या त्या दोन खोल्यांत आईचा ब्लाउज शिवायचा धंदा चाले, त्यामुळे घरात चिंध्यांना तोटा नव्हता. आई कधी कौतुकानं, कधी वैतागानं म्हणायची, "ही पोरगी जागी असते तेव्हाच जास्त झोपलेली असते."

पण त्याच आईनं तिला कापड ओढून बघायला शिकवलं. "उभं ओढ. आता आडवं. हललं का? नाही ना? आता कोपऱ्याकडून तिरकं ओढ." तिरकं ओढलं की तेच घट्ट कापड अंग सैल सोडायचं, रबरासारखं लांबायचं. "याला उरेब म्हणतात. गळ्याच्या पट्टीला उरेबच हवा. पण खांद्याला उरेब लावलास तर ब्लाउज आठ दिवसांत लोंबेल." मयूराला त्यातलं शिवणकाम कधी जमलं नाही. तो तिरकेपणा मात्र तिच्या बोटांत राहिला.

मेलबर्नला ती आली ती अकाउंटिंगच्या मास्टर्ससाठी. शेअर-हाऊसमध्ये तिला यतिन भेटला, तोही स्टुडंटच, पुढे रेल्वेच्या सिग्नलच्या कामात लागला. लग्न झालं, कायमचं राहण्याची पीआर झाली, डँडेनॉन्गला घर झालं, उर्वी झाली. अकाउंट्सची नोकरी मात्र काही अंगाला लागली नाही. आकडे बघता बघता तिचं मन कुठल्या कुठे जायचं आणि बेरीज तिथेच राहायची. शेवटी घराजवळच्या एका लाकडाच्या यार्डात डिस्पॅचच्या टेबलावर तिला काम मिळालं. ट्रक आला की पावती फाडायची, ट्रक गेला की गेट लावायचं.

यार्डाच्या मागच्या अंगाला एक लांबलचक शेड होती. वर पारदर्शक पत्रे, त्यातून येणारा उजेड दुधासारखा, आणि त्या उजेडात भुसा सतत तरंगत असायचा. लंचच्या सुट्टीत मयूरा सँडविच घेऊन तिथे जाऊन बसायची. फळ्यांच्या थप्प्यांकडे बघत राहिलं की तिला वाटायचं, या फळ्या नाहीतच, या उंचावरून दिसणाऱ्या नद्या आहेत. इथे ही नदी गाठीला वळसा घालून गेली, इथे दोन प्रवाह होऊन पुन्हा एक झाली. सँडविच संपायचं तरी ती नदीकाठानं चालतच असायची.

शेडमध्ये ग्लेन नावाचा म्हातारा ग्रेडर काम करायचा. फळी किती भार पेलेल ते ठरवून तिच्यावर शिक्का मारायचा, हे त्याचं काम. एक दिवस त्यानं विचारलं, "हरवलीस का गं?"

"नाही. ही रेषा बघतेय. वरनं सरळ दिसते, पण आतनं तिरकी जातेय असं वाटतंय."

ग्लेननं फळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यानं एप्रनच्या खिशातून एक हत्यार काढून तिच्या हातात ठेवलं. वाकडा दांडा, खाली बारीक सुई, आणि मूठ अशी की जी दांड्याभोवती सैल फिरायची. "फार दाबू नकोस, वळवू तर अजिबात नकोस. फक्त ओढ. कुठे जायचं ते सुई ठरवेल."

मयूरानं सुई टेकवली आणि ओढली. दावं सुटलेला बैल जसा आपोआप ओळखीच्या पाणंदीला लागतो, तशी ती सुई लाकडाच्या तंतूंत शिरली आणि त्यांच्याच वाटेनं चालू लागली. डोळ्यांना दिसणाऱ्या सुंदर कमानी एकीकडे राहिल्या, सुईची पांढरी रेघ हळूहळू दुसरीकडे सरकत फळीच्या कडेला जाऊन बाहेर पडली.

"पाहिलंस?" ग्लेन म्हणाला. "डोळ्यांना दिसते ती नक्षी. भार पेलतो तो तंतू. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेला, तर फळी मजबूत. मध्येच कडेला निघून गेला, तर तिथून ती फाटणार."

"म्हणजे उरेब," मयूरा मराठीतच म्हणाली. ग्लेनला तो शब्द कळला नाही, पण मान त्यानं डोलावली.

त्यानंतर तिनं रीतसर कोर्स केला आणि ग्लेन रिटायर झाल्यावर त्याची शेड तिच्याकडे आली. आता इतकी वर्षं झाली की मधलं सगळं तिला एका लांबट दुपारसारखं वाटतं. पाइनच्या फळ्यांसाठी यार्डानं एक स्कॅनर घेतलाय. फळ्या त्याच्याखालून धावतात आणि लेझरचे लाल ठिपके त्यांच्यावर पडतात. पाइनच्या अंगावर पडलेला ठिपका गोल राहत नाही. तंतू ज्या दिशेला असतील त्या दिशेला उजेड पाझरतो आणि ठिपका भाताच्या शितासारखा लांबट होतो. शितं ज्या बाजूला कलली त्या बाजूला रेषा कललेली. कधीकधी मयूरा नुसती उभी राहून ती लाल शितं बघते. पण युकॅलिप्टसचं कठीण लाकूड, जुन्या पुलांचे वासे, कुणाच्या घराच्या तुळया असं काही आलं, की अजूनही सुईच लागते आणि वेळ लागतो.

नाशिकहून आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "आज कसलं लाकूड?" आणि मयूरा सांगते. उर्वी मागून ओरडते, "आजी, शी इज इन लव्ह विथ ट्रीज!"

तर अशा या मयूराच्या शेडमध्ये, गेल्या वर्षी थंडी पडायला लागली तेव्हा, विश्रामकाका आले.

विश्रामकाका मूळचे गिरगावातले. ऐन तरुणपणी इथे आले, ट्रामच्या डेपोत मेकॅनिक म्हणून आयुष्य काढलं आणि डँडेनॉन्गच्या डोंगरावर, फर्नच्या जंगलात, स्वतःच्या हातांनी एक घर बांधलं. काही वर्षांपूर्वी जून महिन्यात डोंगरावर मोठं वादळ झालं होतं. शेकडो वर्षांची, युकॅलिप्टसच्या जातीची माउंटन अ‍ॅशची झाडं, ज्यांचे शेंडे मान मोडेस्तोवर बघितले तरी दिसत नाहीत, ती काडेपेटीतल्या काड्यांसारखी पडली. त्यातलंच एक काकांच्या घरावर पडलं.

ते झाड त्यांनी कुणाला नेऊ दिलं नाही. ट्रेलरवरची फिरती आरायंत्रवाली टीम बोलावून त्यांनी तिथल्या तिथे ते कापून घेतलं, फळ्या-वासे रचून, मध्ये पट्ट्या घालून, वर पत्रे टाकून वाळत ठेवले. आता ते लाकूड वाळलं होतं आणि मोठ्या ट्रकवर लादून त्यांनी ते मयूराच्या दारात आणलं होतं.

"तू मराठी ना? फॉस्टर स्ट्रीटच्या किराणावाल्यानं सांगितलं मला," काका ट्रकमधून उतरत म्हणाले. उंच, किंचित वाकलेले, कानांवर लोकरीची टोपी. "हे बघ, मला घर परत बांधायचंय, याच झाडाचं. कौन्सिलवाले म्हणतात, लाकडावर शिक्का हवा. तेवढा मारून दे."

मयूरा हसली. "काका, शिक्का असा मारून देता येत नाही. आधी लाकडाला विचारावं लागतं."

"विचार की! मी कुठे नाही म्हणतोय?" असं म्हणून त्यांनी ट्रकमधल्या सगळ्यांत मोठ्या तुळईवर हात ठेवला. ती त्यांनी गोधडीत गुंडाळून आणली होती. "आणि हे आढं. घराच्या अगदी माथ्यावर जाणार हे. झाडाच्या पोटातनं काढलंय."

गोधडी सोडली तशी मयूरा पुढे वाकली. फिक्या गव्हाळ रंगावर गुलाबी झाक, आणि सगळ्या अंगभर बारीक लाटा, जणू तळ्यावरून नुकताच वारा गेलाय. डोळ्यांनी असं लाकूड तिनं आयुष्यात दोनदा-तीनदाच पाहिलं असेल.

"काय?" काका म्हणाले. "आहे की नाही?"

"आहे," ती म्हणाली.

ते लाकूड तपासायला आठवडा गेला. काका रोज यायचे, डोंगरावरून गाडी घेऊन, सोबत थर्मासमध्ये चहा घेऊन. आल्याचा कीस इतका घालायचे की घोट घेतला की घसा पेटायचा. मयूरा एकेक फळी टेकूच्या लाकडी घोड्यांवर घेई, गाठी बघे, गोंदाच्या काळ्या शिरा बघे, भेगांत पातळ पाती घालून खोली बघे, आणि मग सुई लावी. झाडाच्या बुंध्याकडचे वासे फार छान निघाले. सुई सुरुवातीला जिथे टेकवावी तिथून जवळजवळ सरळ शेवटपर्यंत जाई. त्या वाशांशी काम करताना मयूराला तंद्री लागे. वाटे, आपण या रेषेवरून वर चढतोय, खोडातून, जिथून कधीकाळी पाणी चढत होतं तिथूनच. आजूबाजूला धुकं, कुठेतरी एखादा पक्षी दुसऱ्याच पक्ष्याची नक्कल करतोय, आणि वर, अजून वर, उजेड.

"कुठे गेलीस?" काका विचारत.

"तुमच्या झाडावर," ती म्हणे, आणि दोघं हसत.

आढं तिनं शेवटी ठेवलं होतं. का ते तिचं तिलाच धड माहीत नव्हतं. गुरुवारी दुपारी तिनं ते घेतलं. सुई टेकवली, ओढली. सुई त्या लाटांना भुलली नाही. थोडी सरळ गेली आणि मग शांतपणे, हट्टानं, एका बाजूला सरकू लागली. सहा वीत लांबी जाईतो एक वीत बाजूला. मयूरानं दुसऱ्या ठिकाणी ओढली, मग खालून, मग कडेवरून. सगळीकडे तेच. वाढताना त्या उंचीवर झाडानं कुठेतरी अंग पिळलं होतं, वाऱ्यानं की उजेडासाठी कुणास ठाऊक, आणि तो पीळ या तुळईत उतरला होता.

तिनं हत्यार खाली ठेवलं. काका थर्मासचं झाकण लावत होते.

"काका, हे आढं म्हणून नाही चालणार."

"का? गाठ आहे का कुठे?"

"गाठ नाही. रेषा तिरकी आहे. या टोकाचा तंतू त्या टोकाला पोचतच नाही, मध्येच बाहेर पडतो. वर छताचं वजन आलं की ते तिथून फाटेल. आज नाही, कदाचित दहा वर्षंही नाही. पण मी यावर शिक्का नाही मारू शकत."

काकांनी त्या तुळईवर पुन्हा हात ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "तू याच्याखाली घर बघितलंयस का? मी बघितलंय. रोज बघतो. छत आहे, त्याला हे आढं आहे, आणि खाली चित्रलेखा झोपलीय." थर्मास उचलून ते निघून गेले. चहाचा कप अर्धाच होता.

चित्रलेखाकाकू म्हणजे त्यांच्या पत्नी. वादळाच्या संध्याकाळपासून त्या डोंगरावर परत गेल्या नव्हत्या. ब्रिस्बेनकडे स्प्रिंगफील्ड लेक्सला मुलगा निनाद राहतो, त्याच्याकडे त्या राहिल्या आणि राहतच गेल्या. काका अधूनमधून जात, पण डोंगर सोडून त्यांना करमत नसे. भांडण नव्हतं. दोघं रोज फोनवर तासभर बोलत. भाजीला काय केलं, कुणाचं काय दुखतंय. फक्त घराचा विषय काढला की काकू म्हणत, "त्या छताखाली मी पाठ टेकणार नाही, विश्राम," आणि दुसरं काहीतरी बोलू लागत. हे सगळं काकांनीच चहा पिता पिता मयूराला तुकड्यातुकड्यानं सांगितलं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर मयूराचं कशात लक्ष लागेना. भाजी करपली. यतिननं कढई बाजूला ठेवली आणि म्हणाला, "तुझी चूक काय त्यात? रेषा तिरकी तर तिरकी."

"चूक नाही रे. पण ते लाकूड किती सुंदर होतं!"

"सुंदर आहे म्हणून छत पडायचं थांबतं का?"

"नाही," ती म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर निळ्या डोंगराची कड हळूहळू पुसत चालली होती.

पुढच्या आठवड्यात काका आले ते एकटे नव्हते. सोबत एक बारीक चणीच्या, पांढरे केस आखूड कापलेल्या बाई होत्या. अंगात लांब निळा कोट. त्यांनी मयूराला नमस्कार वगैरे काही केला नाही. सरळ विचारलं, "कुठाय ते?"

"हिनं काल फोनवर आढ्याचं ऐकलं आणि आज सकाळच्या फ्लाइटनं आली," काका म्हणाले. त्यांचा चेहरा एखाद्या शाळकरी पोरासारखा गोंधळलेला होता.

काकूंनी सगळं आयुष्य हॉस्पिटलच्या एक्स-रे विभागात घालवलं होतं. फिल्म उजेडावर धरावी तसं त्या प्रत्येक वाशाकडे डोकं किंचित तिरकं करून बघत गेल्या. हात मात्र लावला नाही. आढ्यापाशी आल्यावर थांबल्या.

"हेच ना तिरकं?"

"हो, काकू."

"दाखव मला."

मयूरानं सुई ओढली. पांढरी रेघ निघाली आणि कडेला जाऊन बाहेर पडली. काकूंनी ती रेघ डोळ्यांनी दोनदा, तीनदा वाचली. मग म्हणाल्या, "आवाज आधी आला नव्हता. लोक विचारतात, केवढा आवाज झाला असेल! मला आधी वास आला. हिरवा, ओला, कडू. मी मेणबत्ती शोधायला स्वयंपाकघरात आले होते, आणि एकदम घरभर जंगलाचा वास. मला वाटलं, दार उघडं राहिलं वाटतं. वळून बघितलं, तर बेडरूमच्या जागी झाड होतं." त्या थांबल्या. "इतकं शांत होतं ते! काही झालंच नाही असं आडवं पडलं होतं."

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. शेडमध्ये भुसा तरंगत होता.

"मला हे मोडलेलं बघायचंय," काकू म्हणाल्या.

काकांनी हात काढून घेतला. "चित्रा, अगं…"

"सगळं नाही. थोडं तरी. ते मला मोडायला आलं होतं ना? मग मला ते मोडताना बघू दे. मोडता येतं का तुमच्याकडे?"

मोडता येत होतं. शेडच्या कोपऱ्यात एक प्रेस होता. दोन टेकूंवर लाकूड ठेवायचं आणि मधोमध वरून हळूहळू दाब वाढवत न्यायचा. मयूरानं काकांकडे बघितलं. त्यांनी शेवटी होकाराची मान हलवली. मग तिनं आढ्याच्या टोकाची एक पट्टी कापली आणि बुंध्याकडच्या एका सरळ वाशातून तेवढ्याच मापाची दुसरी.

आधी आढ्याची पट्टी ठेवली. दाब वाढू लागला. पट्टी जराशी वाकली, न वाकल्यासारखीच, आणि एकदम खट्ट! कुठलाही इशारा नाही, कुरकुर नाही. रेषेच्या तिरकसपणानं चिरत ती दोन तुकडे होऊन पडली. मोडलेली कड गुळगुळीत होती, सुरीनं कापल्यासारखी.

काकू दचकल्या नाहीत. त्यांनी खाली वाकून एक तुकडा उचलला. या लाकडाला लागलेला हा त्यांचा पहिला हात. "असं होय," एवढंच म्हणाल्या.

मग दुसरी पट्टी. दाब वाढला. पट्टी वाकली, आणखी वाकली. आधीची जिथे मोडली होती तो दाब केव्हाच मागे पडला. पट्टीची आता स्पष्ट कमान झाली होती, उलटी कमान, पाळण्यासारखी. मग तिच्या आतून एक बारीक आवाज निघाला, खूप जुनं दार कुणीतरी झोपलेल्यांना जाग येऊ नये म्हणून हळूच उघडावं तसा. मग पुन्हा एक. पण ती मोडेना.

मयूराचा हात प्रेसच्या मुठीवर होता. आणखी थोडा दाब दिला असता तर ती मोडली असतीच. सगळंच शेवटी मोडतं, फक्त केव्हा ते आधी कळलं तर बरं असतं. पण तिच्यासाठी त्या क्षणी ती पट्टी राहिलीच नव्हती. तिला ते अख्खं झाड दिसत होतं, वाऱ्यात वाकलेलं, किती हिवाळे असं वाकून पुन्हा सरळ झालेलं.

"थांब," काकू म्हणाल्या. "थांबव गं. पुरे."

मयूरानं दाब काढला. पट्टी हळूहळू वर आली. अगदी पहिल्यासारखी सरळ नाही झाली, पण आली.

बाहेर फोर्कलिफ्ट मागे घेताना टुंटुं करत होती. काकूंनी कोटाच्या बाहीनं नाक पुसलं आणि मयूराला विचारलं, "खरं सांग हं. तू झोपशील का याच्याखाली?"

"या सरळ वाशांच्या खाली? झोपेन."

"आणि त्याच्या?" त्यांनी आढ्याकडे बोट केलं.

"नाही, काकू."

काकू आढ्याजवळ गेल्या. आता त्यांनी त्याच्यावर तळवा ठेवला आणि त्या लाटांवरून फिरवला, एखाद्या दांडग्या जनावराच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "विश्राम, मी येते. पण माझं ऐकायचं. डोक्यावर हे नको. हेही नको, ते सरळ वासेही नकोत. मला वर बघितल्यावर झाड दिसलं तर मी रात्रभर जागी राहीन, ते कितीही मजबूत असू दे. वर आण तुझं बाजारातलं स्टील नाहीतर काय ते."

"आणि हे?" काका म्हणाले. "मग हे सगळं मी कशासाठी…"

"पायाखाली घाल. पायाखाली चालेल मला."

काकांना ते कळायला वेळ लागला. मयूराला मात्र लगेच दिसलं. घराच्या लाकडी जमिनीखालून एका ओळीत गेलेले ते सरळ वासे, सगळा भार आपल्या अंगावर घेऊन, आणि त्यांच्यावर…

"काका," ती म्हणाली, "वाशांवर मी आत्ता शिक्का मारते. जमिनीच्या आधाराला यांच्यापेक्षा चांगलं लाकूड मी तरी बघितलं नाही. आणि आढं चिरून त्याच्या जमिनीच्या फळ्या करू या. फळीला खाली जवळजवळ लावलेल्या वाशांचा आधार असतो, तिला एकटीला काही पेलावं लागत नाही. तिथे रेषा तिरकी असली तरी चालते. आणि ती नक्षी रोज दिसेल."

"रोज तुडवली जाईल," काका म्हणाले.

"तुडवू दे की," काकू म्हणाल्या. "मी अनवाणी तुडवीन."

आणि काका हसले. हसता हसता त्यांनी टोपी काढून डोळ्यांवर धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

वासंतिक हवा आली, वॅटलच्या झाडांवर पिवळी फुलं येऊन गेली, तेव्हा काकांचा फोन आला. "जमीन झालीय. भिंती अजून नाहीत, छत नाही, काही नाही. बघायला या सगळे."

रविवारी मयूरा, यतिन आणि उर्वी डोंगरावर गेले. वर चढता चढता ऊन मागे राहिलं आणि गाडी धुक्यात शिरली. उर्वीनं काच खाली केली. "इट स्मेल्स लाइक मम्माज वर्क क्लोद्ज," ती म्हणाली.

फर्नच्या मोठमोठ्या छत्र्यांच्या मधोमध, उतारावर, खांबांवर उचललेली ती जमीन होती. चारी बाजूंनी मोकळी. धुकं तिच्यावरून सावकाश वाहत होतं आणि फळ्यांच्या त्या लाटा त्याच्याखाली खरोखरच हलल्यासारख्या दिसत होत्या. दुरून बघितलं तर कुणालाही वाटलं असतं, जंगलात कुणीतरी तळं आणून ठेवलंय, आणि त्या तळ्याच्या मधोमध निळा कोट घातलेली एक बाई आडवी झाली आहे.

"आंटी पडल्यात का?" यतिन घाबरून म्हणाला.

काका ओठांवर बोट ठेवून पुढे आले. "झोपलीय," ते कुजबुजले. "चहा झाला, म्हणाली जरा पाठ टेकते. वर बघत पडली होती. मग बघतो तर…" त्यांनी हात पसरले. "या डोंगरावर वादळानंतर पहिल्यांदाच."

उर्वीनं विचारलं, "इज शी ओके?"

"हो गं," मयूरा म्हणाली. "हळू बोल."

ती कडेनं वर चढली, बूट काढले आणि फळ्यांवर पाय ठेवला. लाकूड थंड होतं. खालचे वासे तिला दिसत नव्हते, पण प्रत्येक पावलाला ते आहेत हे कळत होतं. ती काकूंपासून थोड्या अंतरावर बसली. वर छत नव्हतं, आढं नव्हतं. धुकं मधूनच फाटायचं आणि उरलेल्या झाडांचे शेंडे दिसायचे, इतके उंच की ते हलत होते की ढग, ते सांगता येईना. काकूंचा एक तळवा उताणा, एक पालथा, फळीवर पडला होता. त्यांचा श्वास संथ चालला होता.

संध्याकाळी पाऊस सांगितला होता. यतिन आणि काका दोघांनी मिळून मोठी ताडपत्री आणली, जमीन झाकायची म्हणून. तिचे दोन-दोन कोपरे धरून ते कडेशी आले, आणि तसेच उभे राहिले. झाकायचं तर काकूंना उठवावं लागलं असतं. यतिननं काकांकडे बघितलं. काकांनी मान हलवली, "राहू दे जरा."

पलीकडच्या दरीतून पावसाची पांढरी कड वर येताना दिसत होती. अजून यायला वेळ होता. दोघं ताडपत्री हातात धरून तिथेच उभे राहिले.